बिस्किटाचा पुडा आणि पाहुण्याचा धर्म

सुट्टीवरून परतलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे छायाचित्रांचा ढीग आणि दुसरी म्हणजे तेथे भेटलेल्या प्राण्यांच्या कथा. माथेरानच्या माकडाने हातातले कणीस कसे पळविले, पावागडच्या वानराने चष्मा कसा लांबविला, हे ऐकता ऐकता रावपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात पस्तीस वर्षे कधी सरली ते कळले नाही. या कथा सांगणारा हसत असतो, ऐकणाराही हसतो. मात्र कधी कधी तोच सांगणारा हसता हसता पोटरीवरची विजार वर करतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, आता इंजेक्शन घ्यायला हवे का?" त्या वेळी कथेचे रूपांतर केसपेपरात होते. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रवासवर्णने पुष्कळ येतात. आज प्रवासातील या एका अंगाविषयी थोडे परखड लिहावे असे वाटते. परखडपणाचा रोख प्रथम माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तीन डॉक्टर कुटुंबे अंदमानला गेलो. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. १९११ ते १९२१ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे बंदिवासात होते. आम्हां बडोदेकरांना आणखी एक धागा असतो. अरविंदबाबू घोष बडोद्यात प्राध्यापकी करीत असताना त्यांच्याकडे येऊन राहिलेले त्यांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार हेही पुढे याच तुरुंगात कोंडले गेले. त्या कोठडीसमोर आम्ही गंभीर झालो, मुलांना दोन शब्द सांगितले, डोळे पुसले. आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या रॉस बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, आमचा गंभीरपणा पार विरघळला. कारण तेथे हरणे होती.

इंग्रजी अमदानीतील पडक्या चर्चच्या आणि वडाच्या मुळ्यांनी गिळलेल्या भिंतींच्या आसपास चितळ मोकळी हिंडतात. ती माणसाला भीत नाहीत, उलट जवळ येतात आणि पिशवी हुंगतात. आमच्या मंडळींनी तत्परतेने बिस्किटांचे पुडे फोडले. मीही एक फोडला. चितळाची ओली, खरखरीत जीभ तळहाताला लागली तेव्हा मला झालेला आनंद खोटा नव्हता. तेवढ्यात तेथील एक राखणदार शांतपणे म्हणाला, "साहेब, हा प्राणी इथला नव्हेच. इंग्रजांनी आणून सोडला." नंतर वाचले, ते खरेच आहे. शिकारीच्या व शोभेच्या हौसेसाठी आणलेल्या चितळांना या बेटांवर वाघ-बिबट्यासारखा नैसर्गिक शत्रू मिळाला नाही. ती पोहत बेटाबेटांवर पसरली आणि जंगलातील कोवळी रोपे खाऊन नवे जंगल उभेच राहू देईनाशी झाली. इंटरव्ह्यू बेटावरच्या हत्तींची कथा अशीच आहे. लाकूडतोडीसाठी आणलेले हत्ती १९६२ साली कंपनी बुडाल्यावर तेथेच सोडून दिले गेले. ते रानटी झाले आणि त्यांनी बेटावरील वनस्पतींची वाताहत केली.

म्हणजे आम्ही ज्याला 'अंदमानचा निसर्ग' म्हणून बिस्किटे भरवीत होतो, ती माणसाच्या एका जुन्या हौसेची शिल्लक होती.

पण माझी खरी फजिती पुढे झाली. नील बेटावर (आताचे शहीद द्वीप) दुपारच्या वेळी समुद्रकाठी शहाळी पीत बसलो होतो. माझा दहा वर्षांचा नातू तेथल्या एका किनारी कुत्र्याला बिस्किटे घालीत होता. बिस्किट संपले, कुत्र्याने रिकाम्या हाताचाही अंदाज घेतला, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दात लागला. मोठे काही नाही, दोन ठिपके, पण रक्त आले. कुत्रा रागावला नव्हता. त्याला फक्त पुढचे बिस्किट हवे होते.

आता पाहा. तेथे आम्ही तीन डॉक्टर उपस्थित. तिघांचा मिळून वैद्यकीचा अनुभव नव्वद वर्षांहून अधिक. आणि आम्ही काय केले? चर्चा केली! आमच्यातील एक स्नेही म्हणाले, "अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप रेबीजमुक्त आहेत. पीएसएमच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. लस कशाला?" दुसऱ्यांचे म्हणणे, "पुस्तकातले वाक्य कोणत्या साली लिहिले गेले? मुख्य भूमीवरून बोटीने कुत्री येत नाहीत काय?" मी मध्यस्थ. ही शास्त्रार्थाची सभा चांगली दहा मिनिटे चालली. तेवढ्यात शहाळी विकणाऱ्या बंगाली मावशींनी कोयता खाली ठेवला, नातवाला दंडाला धरून नळाशी नेले, कपडे धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि धार सोडून त्याचा हात धुऊ लागल्या. आमच्याकडे पाहून त्या हिंदीत म्हणाल्या, "बाबू, बात बाद में करना, पहले धोना." आम्ही तिघेही गप्प झालो.

जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे हा रेबीज प्रतिबंधाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. विषाणूचे बाह्य आवरण मेदयुक्त असते, साबणाने ते विरघळते. मी स्वतः हे शेकडो रुग्णांना सांगितले आहे. मात्र माझ्याच नातवाच्या हातावर ते मला त्या दहा मिनिटांत सुचले नाही. सुट्टीवर गेलेला डॉक्टर सुट्टीवरच असतो, हे त्या दिवशी कळले.

पुढचे सर्व नीट झाले. रक्त आलेले असल्याने जखम तिसऱ्या श्रेणीची. बेटावरील सरकारी आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी लगेच लसीचा पहिला डोस दिला. इम्युनोग्लोब्युलिन तेथे नव्हते, ते दुसऱ्या दिवशी बोटीने पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम) पोचल्यावर जखमेत व जखमेभोवती टोचले. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येते, ही गोष्ट अशा बेटावरच्या प्रवाशाला फार मोलाची. तिसऱ्या दिवसाची सुई तेथेच झाली आणि सातव्या दिवसाची रावपुऱ्यात माझ्याच दवाखान्यात. दहाव्या दिवशी मावशींचा फोन आला, "कुत्रा मजेत आहे, बिस्किटे मागतो आहे." दहा दिवस कुत्रा निरोगी राहिला म्हणजे पुढील डोस थांबविता येतात. आम्ही थांबविले.

आता त्या दहा मिनिटांच्या शास्त्रार्थातील प्रश्नाचे उत्तर. बेट रेबीजमुक्त समजले जाते म्हणून लस नाकारावी का? माझे मत स्पष्ट आहे : नाकारू नये. ज्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, त्या रोगाबाबत पुस्तकातील एका ओळीवर लहान मुलाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार डॉक्टरलाही नाही. आपल्या पिढीने पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने पाहिली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती जुनी सेंपल लस २००५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. आजची लस दंडात घेता येते आणि सुरक्षित आहे. मग संकोच कशाचा?

बेटांच्या भरवशाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपली पुढची पिढी आता अंदमानवर थांबत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले आईवडिलांना कॅरिबियन बेटांच्या सहलीला नेतात. तेथे सेंट किट्स बेटावर हिरव्या माकडांना खांद्यावर बसवून छायाचित्रे काढतात. बहामातील एक्झुमा बेटांवर पोहणारी डुकरे पाहावयास बोटी भरभरून जातात. २०१७ च्या प्रारंभी त्यांतील काही डुकरे मेली, तेव्हा तपासणीत त्यांच्या पोटांत वाळू सापडली. लोक वाळूवर खाऊ टाकीत आणि डुकरे वाळूसकट तो गिळीत. ज्यांना पाहायला माणसे सातासमुद्रांपलीकडून येत होती, त्यांचा जीव त्याच माणसांच्या कौतुकाने घेतला.

याच बेटांवर आपल्या भारतातून गेलेला एक प्राणी आहे. १८७२ साली जमैकातील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने उसातील उंदरांचा नायनाट करण्यासाठी कोलकात्याहून नऊ मुंगूस नेले. सुरुवातीला उंदीर कमी झाले, जयजयकार झाला, शेजारच्या बेटांनीही मुंगूस मागवून घेतले. मग मुंगसांनी पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्या यांवर ताव मारला. आज ग्रेनाडा, क्यूबा, पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात हाच मुंगूस रेबीजचा मुख्य वाहक आहे. आपल्याकडे मुंगसाचे दर्शन शुभ मानतात. तेथे मुंगूस चावला तर लस घ्यावी लागते. प्राणी तोच, जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

आणि त्रिनिदादची हकीकत तर प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावी अशी आहे. १९२५ पासून तेथे गुरे लुळी पडून मरू लागली. १९२९ मध्ये माणसेही पायांपासून वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताने दगावू लागली. कोणी पोलिओ म्हटले, कोणी अन्नविषबाधा म्हटले. पाण्याची भीती वगैरे नेहमीचे चित्र ठळक नव्हते, कुत्रा चावल्याचा इतिहास नव्हता. तेथील जीवाणुशास्त्रज्ञ डॉ. जोसेफ पावन यांनी १९३१ मध्ये मृतांच्या मेंदूत नेग्री बॉडीज पाहिल्या आणि हा रेबीजच आहे, तो रक्त पिणाऱ्या वटवाघळांकडून येतो, हे सिद्ध केले. झोपेत घेतलेला वटवाघळाचा चावा इतका हलका असतो की माणसाला कळतही नाही. निदान चुकले होते, कारण योग्य प्रश्न विचारला गेला नव्हता.

म्हणूनच माझी पहिली सूचना आपल्याच व्यवसायबंधूंना आहे. दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी जवळ आली की रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या एकदम लिहून मागतो. त्या वेळी एवढेच विचारावे : कुठे जाणार? बरोबर लहान मुले आहेत का? आणि परतल्यावर ताप किंवा झिणझिण्या घेऊन आला, तर विचारावे : कुठे गेला होता? कोणत्या प्राण्याला हात लावला? एक मिनिट लागते.

समुद्रकाठी जाणाऱ्यांना आणखी चार गोष्टी सांगाव्यात. पाण्यात पायाला काटा टोचून असह्य कळ आली, मग तो स्टोनफिश असो वा पाकट, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. त्या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. बॉक्स जेलीफिशचा डंख झाल्यास चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये, व्हिनेगर ओतावे. समुद्रसाप चावला तर वेदना फारशी होत नाही आणि तेथेच फसगत होते. काही वेळाने अंग आखडते, स्नायू दुखतात, लघवी काळपट होते. आपल्याकडील नेहमीचे सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी बनविलेले आहे, त्यात समुद्रसाप नाही. म्हणून अवयव हालू न देता रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. आणि जेथे मगरीची पाटी लावलेली आहे, तेथे पाटीवर विश्वास ठेवावा. एप्रिल २०१० मध्ये हॅवलॉकच्या (आताचे स्वराज द्वीप) किनाऱ्याजवळ पोहणाऱ्या एका परदेशी युवतीचा खाऱ्या पाण्यातील मगरीने बळी घेतला, ही घटना विसरण्याजोगी नाही.

मगरीचे नाव निघाले की बडोदेकर थोडा ताठ होतो. आम्हाला मगर कोणी शिकवू नये! आमच्या विश्वामित्रीत, भर शहरातून वाहणाऱ्या त्या नदीत, शेकडो मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या रस्त्यांवर आल्या, अंगणांत शिरल्या, एक तर घराच्या छपरावर बसलेली साऱ्या देशाने दूरदर्शन वाहिन्यांवर पाहिली. बाहेरगावचे नातेवाईक घाबरून फोन करीत होते आणि आपण त्यांना सांगत होतो, "काही नाही हो, पाणी ओसरले की जाईल." चरोतरात मलातज, देवा अशा गावांच्या तळ्यांत मगरी आहेत आणि त्याच तळ्यांवर बायका कपडे धुतात. खोडियार मातेचे वाहन म्हणून लोक मगरीला मान देतात आणि मान देतात म्हणूनच अंतर राखतात. मगरीला कोणी बिस्किट घालीत नाही. बडोद्यात माणूस आणि मगर यांचे शेजार इतकी वर्षे टिकले, त्याचे रहस्य या अंतरात आहे. हेच शहाणपण आपण सुट्टीवर जाताना घरी का ठेवून जातो?

याचे एक उत्तर आपल्या जुन्या शहराच्या इतिहासात सापडते. खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्यात साठमारी होत असे. मस्तीत आलेल्या हत्तीला आगडात सोडून त्याच्यासमोर माणसे उतरत आणि हजारो लोक टाळ्या पिटत. रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्याचे साद्यंत वर्णन लिहून ठेवले आहे. आज आपण त्याला क्रौर्य म्हणू. पुढे १८७९ साली कमाटीबागेत प्राणिसंग्रहालय उभे राहिले, त्याच बागेतील वस्तुसंग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहत आपण मोठे झालो. तमाशाकडून ज्ञानाकडे झालेला हा प्रवास सयाजीराव महाराजांच्या बडोद्याला शोभणाराच होता. परंतु हातातील मोबाईलने आपल्याला पुन्हा आगडाच्या कठड्यावर नेऊन बसविले आहे, असे मला वाटते. प्राणी पाहण्यात आपले समाधान होत नाही, प्राण्याने आपल्यासाठी काहीतरी करून दाखवावे लागते.

हॅवलॉकवर राजन नावाचा हत्ती होता. लाकडे ओढण्यासाठी त्याला अंदमानला आणले होते. पुढे तोडीवर बंदी आली आणि तो समुद्रात पोहणारा हत्ती म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. २०१६ साली तो वारला. त्याच्या पोहण्याची चित्रे फार सुंदर आहेत. पण तो पोहायला शिकला तो ओंडके ओढण्याच्या कामासाठी, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याकरिता, हे त्या चित्रांत दिसत नाही.

येथे एक आक्षेप येणार, हे मी जाणून आहे. "डॉक्टर, तुम्ही तर भूतदयेच्याच विरुद्ध बोलता. कुत्रा तूप न घेता कोरडी पोळी घेऊन पळाला म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपले, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतील गंगाजल पाजणारे एकनाथ आपले. आणि तुम्ही म्हणता बिस्किट घालू नका?" आक्षेप गंभीर आहे आणि गुजरातच्या जीवदयेच्या भूमीत तर अधिकच. पण नीट पाहा. एकनाथांनी पाणी पाजले तेव्हा गरज गाढवाची होती आणि नाथांची इतक्या लांबून आणलेली कावड रिती झाली. आपण चितळाला बिस्किट भरवितो तेव्हा गरज आपली असते. आपल्याला स्पर्श हवा असतो, छायाचित्र हवे असते. आपले पाच रुपये जातात. त्या प्राण्याचे मात्र भय जाते, आणि रानातल्या प्राण्याचे भय हीच त्याची ढाल असते. भय गेलेले माकड उद्या एखाद्या आजीच्या हातावर झडप घालते, मग त्याला 'उपद्रवी' ठरवून पिंजऱ्यात घालतात. आपण तोवर घरी परतलेलो असतो. उत्तरायणात मांजाने पंख कापलेल्या पक्ष्याला उचलून उपचाराला नेणारी आपल्या शहरातील तरुण मुले मी पाहतो. ती भूतदया खरी, कारण तेथे पक्ष्याला माणसाची गरज असते. बिस्किटाच्या पुड्याला मी भूतदया म्हणणार नाही.

असो. मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवून थांबतो. दरवर्षी दोन्ही सुट्ट्यांच्या आधी एका रविवारी सकाळी मंडळाने सभासद व समाजबांधव यांच्यासाठी तासाभराचा एक वर्ग घ्यावा. विषय साधे असावेत : जखम कशी धुवावी, लस कुठे व केव्हा घ्यावी, समुद्रकाठी काय टाळावे. मुलांना पुढे बसवावे आणि प्रत्येकाकडून घड्याळ लावून पंधरा मिनिटे हात धुऊन घ्यावेत. पंधरा मिनिटे किती लांब असतात हे ऐकून कळत नाही, नळाखाली उभे राहिल्यावरच कळते. वर्गाचा खर्च म्हणजे साबणाच्या काही वड्या. तो मी आनंदाने देईन.

प्रवासाच्या बॅगेत औषधांच्या डबीशेजारी मी आता एक साबणाची वडी ठेवतो. बिस्किटाचा पुडाही असतो, पण तो आम्हीच खातो. नातू या वर्षी पुन्हा अंदमानला जायचे म्हणतो. त्याला त्या शहाळेवाल्या मावशींना भेटायचे आहे आणि तो कुत्रा दुरून पाहायचा आहे. "दुरून" हा शब्द त्याने स्वतःहून वापरला, माझ्या सांगण्यावरून नव्हे.